‘रन’चे वीस अर्थ पाठ करायला लावू नका

प्रश्न : माझ्या मुलाची चौथीपर्यंतची शाळा मराठीतून झाली. यंदा पाचवीला तो इंग्रजी माध्यमात गेला. ‘रन’ म्हणजे धावणे, एवढंच त्याला ठाऊक. परवा धड्यात ‘हिज अंकल रन्स अ शॉप’ असं वाक्य आलं. त्याने ‘त्याचे काका दुकानात धावतात’ असं सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. शिकवणीच्या बाईंनी आता ‘रन’चे वीस अर्थ पाठ करायला दिलेत. पोर रडकुंडीला आलंय. एका शब्दाला इतके अर्थ कशाला? आणि पाठांतराशिवाय दुसरा मार्गच नाही का?
— एक आई, वाळपई

उत्तर : ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. आणि मुलाला जवळ घेऊन सांगा, की तुझ्या उत्तरात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याला जो एक अर्थ शिकवला होता, तोच त्याने इमानाने वापरला. मराठी शाळेतून आलेली अशी मुलं मी फोंड्याच्या वर्गात कितीतरी वर्षं पाहिली. ती कच्ची नसतात. त्यांना घाई केली जाते, आणि त्याचा मला अजून राग येतो.

वीस अर्थ पाठ करून तरी कुठे पुरणार? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची वीस खंडांची आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा सगळ्यांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती, ४३० अर्थांची. पुढच्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ हाती घेतला. त्या एका शब्दात त्यांचे नऊ महिन्यांहून अधिक गेले. २०११ साली आकडा बाहेर आला : नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! कोशकाराला ते मांडावेच लागतात. बोलणाऱ्या माणसाला त्यांतला एकही मोजावा लागत नाही.

इतके अर्थ झाले कसे? शब्द लहान, जुना आणि रोजच्या तोंडातला. जुन्या इंग्रजीतल्या त्याच्या पूर्वजात धावणं होतं तसंच वाहणंही होतं. म्हणून नळाचं पाणी ‘रन’ होतं, सर्दीत नाक ‘रन’ होतं आणि धुताना कापडाचा रंगही ‘रन’ होतो. पुढे यंत्रं आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले. यंत्र चालतं तेही ‘रन’, ते चालवणं तेही ‘रन’. मग दुकान, शाळा, खानावळ चालवणं त्याच ओघात आलं. आपणही दुकान ‘चालवतो’च की! चालण्यापासून आपण जिथे पोचलो, तिथे ते धावण्यापासून पोचले. हे एकदा मुलाला दाखवा, काका दुकानात नीट बसलेले दिसतील त्याला.

आता एक घरचा प्रयोग. त्याला ‘लागणे’ या क्रियापदाचा अर्थ विचारा. सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. पण साखळीहून बेळगावला जाताना केरी मागे पडली की चोर्ल्याचा घाट लागतो, घाटात त्याला गाडी लागते, उतरल्यावर भूक लागते, रात्री अंथरुणावर पडताच झोप लागते, हे सगळं त्याला न शिकवता कळतं. आणि स्टँडवर बेळगावची गाडी लागली म्हटल्यावर आवळासुपारी शोधायची नसते, पिशव्या उचलायच्या असतात, हेही कळतं. निकाल लागतो, ठेच लागते, फणसाला फळ लागतं, ‘ती माझी मावशी लागते’, ‘तो रडू लागला’. यातलं काहीच त्याने पाठ केलेलं नाही. शेजारच्या शब्दांवरून त्याने अर्थ ओळखला. हीच हातोटी त्याला इंग्रजीत वापरायला शिकवायची आहे, आणि ती त्याच्याकडे आहे ती तुमच्या घरातल्या मराठीमुळे.

म्हणून एक वही करा. त्यात सुटे अर्थ लिहायचे नाहीत, पुरी वाक्यं लिहायची, तीही त्याच्या ओळखीच्या जगातली. ‘द म्हादई रन्स थ्रू सत्तरी.’ ‘द फेरी रन्स फ्रॉम रायबंदर टू चोडण.’ ‘माय आत्या रन्स अ खानावळ’ असं लिहिलं तरी चालेल, खानावळीचा इंग्रजी शब्द मागाहून येईल. माझ्या वर्गातल्या एका मुलीने गणपतीच्या चवथीनंतर लिहिलं होतं, ‘इट रेन्ड अँड द कलर ऑफ द पताका रॅन डाउन द वॉल.’ पताकेचा लाल रंग पांढऱ्या भिंतीवरून ओघळताना तिने पाहिला होता. तो अर्थ ती विसरणं शक्य नव्हतं.

वाक्य अडलं तर दोन गोष्टी बघायला सांगा. ‘रन’ कोण करतंय? पाणी किंवा नदी असेल तर वाहणं, रस्ता किंवा कुंपण असेल तर अमुक ठिकाणाहून जाणं. आणि ‘रन’च्या लगेच पुढे काय आहे? दुकान, शाळा, यंत्र असेल तर बहुधा चालवणं. ‘रन आउट ऑफ राइस’ म्हणजे घरातले तांदूळ संपणं, आणि ‘रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणं. असे जोड मात्र अख्खेच लक्षात ठेवायचे, जसे ते भेटतील तसे. शिकवणीच्या बाईंनाही हे शांतपणे सांगून बघा. त्या मुलाच्या भल्यासाठीच झटताहेत, फक्त वाट लांबची धरलीय.

प्रश्न : अमेरिकेच्या बातम्यांत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, पण आमच्या मास्तरांनी ‘स्टँड’ शिकवलं होतं. बरोबर काय?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : दोन्ही बरोबर. अमेरिकन इंग्रजीत ‘रन फॉर’, ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टँड फॉर’. तुमच्या मास्तरांनी ब्रिटिश वळण शिकवलं. मराठीतही उमेदवार निवडणुकीला उभाच राहतो. एका लेखात एकच रूप ठेवा, म्हणजे झालं.