के-पॉपवरून कोरियन इंडीकडे वळताना

के-पॉपच्या सवयीने 'ह्युको' हा इंडी, म्हणजे स्वतंत्र वळणाचा, कोरियन बँड लावलास तर वाटेल, गाणं सुरूच होत नाहीये. थांब जरा. 2017 च्या '23' अल्बममधलं 'टॉमबॉय' घे. आधी स्वच्छ, एकेक तार सुटी ऐकू येणारी गिटार आणि गायक ओ ह्युकचा किंचित घोगरा, दमलेला आवाज. बस, एवढंच. पूर्ण बँड भरून येतो तो नंतर, आणि तोवर वाट बघायला लावणं हीच त्या गाण्याची खुबी. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं, त्यामुळे हेडफोन हवेतच. पहिल्यांदा नुसती गिटार धर, मग बेस.

अर्थ लगेच शोधू नकोस, निदान मी तरी तसंच सांगेन. दोन-तीनदा ऐकून झाल्यावर भाषांतर वाच. आपण तरुण आहोत, त्यामुळे खोडातली वयाची वर्तुळं अजून नीट दिसत नाहीत, अशा अर्थाची एक ओळ सापडेल. उदासी आहे, पण रडकी नाही. (अल्बमांची नावंही गायकाच्या वयावरून: '20', '22', '23'.)

ह्युकोचंच 2014 चं 'वी इंग वी इंग' मला जास्त आवडतं. ठेका पाय हलवायला लावणारा आणि शब्द मात्र वाया गेलेल्या दिवसांचे. एका दिवसाचं आयुष्य असलेला किडासुद्धा आपल्याला हसल्यासारखा उडून जातो! हा विसंवाद कानाला लागला की पुढे 'से सो नेऑन' हा दुसरा कोरियन इंडी बँड ऐक. तिथे ह्वांग सोयूनची गिटार बरीच खरखरीत आहे.