पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांची छपरं करवतीच्या दातांसारखी का असतात?

उजेडासाठी. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची, तोंड उत्तरेला. उतरती बाजू पत्र्याची, दक्षिणेला. उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो. लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही, मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं साधन) वाचताना स्वतःच्या हाताची सावली आड येत नाही. म्हणून रस्ता कुठल्याही दिशेला असो, दात उत्तर बघूनच लावायचे.

पण ही रचना युरोपातल्या कारखान्यांमधून आली, पुण्यात ती जशीच्या तशी चालत नाही. पुणे 18.5 अंश उत्तरेवर आहे. मेच्या मध्यावर येणाऱ्या शून्य सावली दिवसापासून (त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो) जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, 21 जूनला सुमारे 5 अंश. दीड मीटर उंचीच्या उभ्या काचेवर 15 सेंटिमीटरचा छज्जा काढला की ते दुपारचं ऊन अडतं. उन्हाळ्यातलं सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन छज्ज्याला दाद देत नाही. तिथे धूसर काच हवी. काच कलती बसवली तर उजेड वाढतो, पण ऊन आणि धूळही वाढते. आपल्याकडे उभीच बरी.

खरं दुखणं दोन दातांमधल्या पन्हळीचं. 8 मीटर रुंद, 60 मीटर लांब दात धरा: 480 चौरस मीटर. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने सर आली तर एका पन्हळीत सेकंदाला 13 लिटर पाणी येतं. उतार 200 ला 1 पेक्षा कमी असेल किंवा तोंडाशी पानं अडकली, तर पाणी थेट मशिनवर. पन्हळीला दोन्ही टोकांना पाइप हवेत, शिवाय तुंबलं तर पाणी बाहेर पडायला वेगळी वाट. सफाई मेमध्येच, जूनमध्ये वर चढवणं म्हणजे माणूस धोक्यात घालणं.

नव्या शेडमध्ये हे दात दिसत नाहीत, कारण दर दाताखाली खांबांची रांग आली की ओव्हरहेड क्रेन आणि मशिनची मांडणी अडते. आता खांबांमध्ये मोठं अंतर ठेवणाऱ्या पोलादी चौकटी, मधेमधे पारदर्शक पत्रे आणि एलईडी.

जुनी शेड वापरात असेल तर दक्षिणेचा उतार सोलर पॅनेलला सोयीचा आहे. मात्र आधी कैच्यांची (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांची) ताकद स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, आणि अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका.