तीन महिन्यांच्या बाळासाठी 'ब्रेन डेव्हलपमेंट' खेळण्यांचा संच घ्यावा का? पहिल्या वर्षात कोणती खेळणी खरंच उपयोगी पडतात?

बारशाला ढीगभर खेळणी आलीत, तरी ऑनलाइन दिसणारा पाच हजारांचा संच घेतला नाही तर बाळ मागे पडेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पडणार. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. त्या संचांतल्या वस्तू वाईट नसतात, पण त्यातल्या निम्म्या तुमच्या स्वयंपाकघरात आधीच आहेत.

खोक्यावरचा वयाचा आकडा मी फारसा बघत नाही, बाळाची सध्या कशासाठी खटपट चाललीय ते बघते. तुमचं बाळ आता बहुधा स्वतःचेच हात न्याहाळत असेल आणि पालथं घातलं की मान उचलून थोड्याच वेळात कुरकुरत असेल. म्हणजे त्याला नजर लावायला आणि मान सावरायला निमित्त हवंय. जन्मल्यावर बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच जरा नीट दिसतं, आणि फिकट रंगांपेक्षा ठळक काळं-पांढरं लवकर उठून दिसतं. पाळण्यावरचं चिमणाळं बहुतेक घरी असं टांगलेलं असतं की चिमण्या पाहुण्यांना दिसतात आणि बाळाला नुसती त्यांची पोटं. एकदा बाळाच्या शेजारी आडवं होऊन वर बघा. (बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं, की चिमणाळं काढून टाकायचं. दोरी गळ्यात अडकू शकते.) बाकी वेळ जमिनीवर गोधडी आणि समोर न फुटणारा आरसा, किंवा तुम्ही स्वतःच पालथे पडा. रांगायला न लागलेल्या बाळाने जागेपणी दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटं पोटावर असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय. एका दमात नाही हं, दोन-दोन मिनिटं करून.

चार ते आठ महिने हा खेळण्यांचा खरा काळ. बाजारातले बरेच खुळखुळे मोठ्यांच्या हाताच्या मापाचे असतात. दांडी तुमच्या करंगळीएवढी जाड हवी आणि वजन इतकं कमी, की तोंडावर आपटला तरी लागू नये, कारण आपटणार आहेच. चांदीचा खुळखुळा फोटोपुरता ठेवा, त्याचे घुंगरू सुटतात. या वयात प्रत्येक गोष्ट तोंडात जाते. घरातली मोठी माणसं 'शी, तोंडात नको' म्हणून हिसकावून घेतात, पण वस्तू कडक आहे की मऊ, गोल की धारदार, हे बाळ ओठा-जिभेनेच तपासत असतं. हिसकावण्यापेक्षा वस्तू धुऊन द्या. लाकडी कडं, सुती फडक्याची गाठ, स्टीलची वाटी, बोथट चमचा, एवढं पुष्कळ झालं. सहा-सात महिन्यांनी दोन्ही हातांत एकेक वस्तू द्या आणि तिसरी पुढे करा. एका हातातली वस्तू दुसऱ्यात द्यायची की खाली टाकायची, हे कोडं कुठल्याही संचातल्या कोड्याइतकंच अवघड आहे.

आठव्या महिन्याच्या आसपास, रुमालाखाली लपवलेला चेंडू अजून तिथेच आहे हे बाळाला कळायला लागतं. बुवा-कुक्‌ची मजा आता वेगळी येते. डबा आणि झाकण, त्यात वस्तू टाकणं आणि काढणं, ढकलला की घरंगळणारा चेंडू. चिमटीचा सराव ताटातच होतो, मऊ भाताची शितं वेचताना.

बटण दाबलं की गाणारी, दिवे लावणारी खेळणी मी घ्यायला सांगत नाही. सगळं खेळणंच करतं, बाळ नुसतं बघत बसतं. शिवाय मोठ्यांचं बोलणंही कमी होतं. अमेरिकेतल्या नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठात 10 ते 16 महिन्यांच्या मुलांच्या 26 जोड्यांवर (मूल आणि पालक) झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा खेळण्यांसोबत पालक पुस्तकांपेक्षा आणि साध्या खेळण्यांपेक्षा कमी शब्द बोलले. तुम्ही बोललेल्या शब्दांची सर खेळण्यातल्या त्या इंग्रजी एबीसीडीला नाही. असं खेळणं आधीच आलं असेल तर त्याच्या बटण-सेलचा (नाण्यासारखा छोटा, चपटा सेल) कप्पा स्क्रूने बंद आहे ना, हे आजच बघा. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

खरेदी करायचीच असेल तर आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून ते खेळण्यांवर सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट असल्यामुळे लाकडी खेळण्यांवर ते नसूही शकतं. सावंतवाडीची रंगीत फळं सुंदर असतात, पण बाळाच्या तोंडात जाण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का ते पाहा. साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू घरातच नको.

आणि बसवायचा गोल वॉकर कुणी भेट दिला तरी वापरू नका. त्याने मूल लवकर चालत नाही, जिन्यावरून मात्र पडतं. कॅनडाने तर 2004 मध्येच त्यावर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. उभं राहायला लागल्यावर कुणी तरी सोबत असताना तो चालेल.

खेळताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून बघा. वर्षाच्या आत बाळ सतत एकाच हाताने वस्तू घेत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहत असेल, तर 'डावखुरा दिसतोय' म्हणून सोडून देऊ नका. इतक्या लवकर हात ठरत नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बऱ्याच जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयात मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखण्यासाठी डीईआयसी नावाचं केंद्र असतं, तिथे ही तपासणी मोफत होते.