स्वादुपिंडाची सूज उतरली, पित्ताशय मात्र तसेच : कराडच्या ताईंना उत्तर

ताई, कराडच्या रुग्णालयातून तुम्ही लिहिलेले वाचले आणि माझीच तीन वर्षांपूर्वीची फाईल कोणीतरी समोर उघडून ठेवावी तसे वाटले. यजमानांचे पोट रविवारी रात्री दुखू लागले, रक्तातले लायपेज (स्वादुपिंडाला सूज आली की वाढणारे एन्झाइम) कित्येक पट वाढलेले निघाले, सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले, पाचव्या दिवशी ते वरणभात खाऊ लागले, आणि आता "घरी जा, पित्ताशयाचे सहा आठवड्यांनी पाहू" असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. तुमचा प्रश्न घरी कोणती औषधे चालू ठेवावीत हा आहे. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : सूज खड्यांमुळे आली, तर ते खडे तयार करणारे पित्ताशय आताच का काढत नाहीत? मी डॉक्टर नाही; तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार आहे आणि या दुखण्याच्या दोन वाऱ्या करून आलो आहे, तेव्हा माझे म्हणणे तेवढ्याच वजनाने घ्यावे.

आधी औषधांचे सांगतो. स्वादुपिंडाची सूज थेट उतरवील असे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. सलाईन, वेदनाशमन आणि शक्य तितक्या लवकर पोटात अन्न, एवढाच उपचाराचा गाभा आहे. सलाईनसुद्धा जितके जास्त तितके चांगले असे नसते; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत भरमसाट सलाईन दिलेल्या रुग्णांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी साचले, तर बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६.३ टक्के होते, आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. युलिनास्टॅटिनच्या महागड्या इंजेक्शनाबद्दल तुम्ही विचारले आहे. आपल्याकडे ते बरेच वापरले जाते, परंतु आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याला नेहमीच्या उपचारांत स्थान नाही. जंतुसंसर्गाचा पुरावा नसताना केवळ खबरदारी म्हणून भारी अँटिबायोटिक मागू नये. खडा विरघळवणाऱ्या गोळीवरही विसंबू नये. ती फक्त विशिष्ट प्रकारच्या लहान खड्यांवर आणि तीही महिनोन्‌महिने घेतल्यावर काम करते, आणि गोळी थांबवल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. (आमच्या गावात मला तीन जणांनी पानफुटीचा पाला आणून दिला. तो मुतखड्यावरचा गावठी उपाय आहे, पित्ताच्या खड्याशी त्याचा काही संबंध नाही, पण आणणाऱ्याला हे पटवणे माझ्या पोटदुखीपेक्षा अवघड गेले.)

आता माझ्या चुकीकडे येतो. पहिला झटका सप्टेंबरच्या मध्यावर आला आणि तो सौम्य होता. शल्यचिकित्सक शुक्रवारी दुर्बिणीने पित्ताशय काढायला तयार होते. गुरुवारी दुपारी विम्याच्या खिडकीवर मला सांगण्यात आले की स्वादुपिंडाची सूज हे एक पॅकेज आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया हे दुसरे, एका ॲडमिशनमध्ये दोन पॅकेजे बसत नाहीत, तेव्हा घरी जाऊन नव्याने दाखल व्हावे. असा नियम कुठे लिहिला आहे, हे मी विचारले नाही. नकार लेखी मागितला नाही. सर्वांत वाईट म्हणजे मी मनातून खूश झालो, कारण फळछाटणी तोंडावर आली होती, मजूर ठरले होते, आणि अंगात दुखणे उरलेले नव्हते. शल्यचिकित्सकांना खिडकीवरचे बोलणे कळवलेच नाही. डिस्चार्जच्या कागदावर "रुग्णाच्या इच्छेनुसार शस्त्रक्रिया पुढे ढकलली" असे वाक्य होते. ते न वाचता मी त्याखाली सही केली.

तेविसाव्या दिवशी बागेतच दुसरा झटका आला, आणि तो पहिल्यासारखा नव्हता. मला मिरजेला हलवले, सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाभोवती पाणी साचलेले दिसले, नाकातून आतड्यापर्यंत नळी घालून अन्न द्यावे लागले आणि एकोणीस दिवस मी तिथे काढले. शिवाय त्या अवस्थेत पित्ताशय लगेच काढता येत नव्हते, पाणी ओसरेपर्यंत थांबणे भाग होते, त्यामुळे शुक्रवारी होणारी शस्त्रक्रिया अखेर जानेवारीत झाली. दुसऱ्या ॲडमिशनचे बिल विमा कंपनीने त्याच वाक्यावर बोट ठेवून अडवले : रुग्णाने स्वतःहून शस्त्रक्रिया टाळली. ज्या खिडकीने मला घरी पाठवले, तिच्या बोलण्याचा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि नंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करून, पुढच्या उन्हाळ्यातल्या खरड छाटणीच्या सुमारास पैसे मिळाले. लोकपालांकडे शुल्क लागत नाही हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो.

हे माझे एकट्याचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. नेदरलँड्समधील २३ रुग्णालयांत नेमका हाच प्रश्न तपासला गेला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खड्यांमुळे सौम्य सूज आलेल्यांपैकी ज्यांचे पित्ताशय त्याच ॲडमिशनमध्ये काढले, त्यांच्यात खड्यांच्या त्रासामुळे पुन्हा दाखल होण्याचे किंवा दगावण्याचे एकत्रित प्रमाण ५ टक्के होते. ज्यांना चार आठवड्यांच्या आसपासची तारीख दिली, त्यांच्यात ते १७ टक्के होते. म्हणून तुम्ही विचारावे ते असे : "सूज सौम्य आहे, मग याच ॲडमिशनमध्ये पित्ताशय न काढण्याचे वैद्यकीय कारण काय?"

वैद्यकीय कारण खरोखर असू शकते, हेही मला मान्य आहे. सूज तीव्र असेल, स्वादुपिंडाचा भाग मृत झाला असेल किंवा भोवती पाणी साचले असेल, तर सहा आठवडे किंवा त्याहून अधिक थांबणे हाच शहाणपणा असतो आणि तिथे माझे उदाहरण लागू करू नये. हृदयाचा वा फुप्फुसाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञांचे मत वेगळे पडू शकते. परंतु कारण "तारीख नाही" किंवा "मंजुरी बसत नाही" एवढेच असेल, तर ते वैद्यकीय कारण नव्हे आणि ते कागदावर लिहून मागावे. पित्तनलिकेत खडा अडकलेला नाही ना, हेही विचारावे; डोळे पिवळे झाले आणि थंडी वाजून ताप आला तर ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणे) तातडीने करावी लागते. ईआरसीपीने नलिका मोकळी झाली म्हणजे काम संपले असेही नाही, कारण खडे तयार करणारे पित्ताशय जागच्या जागीच राहिलेले असते. आणि यजमान दारू घेत असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) एक हजार मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तरी सूज येते, तेव्हा तो तपासला आहे का हे फाईलमध्ये पाहा.

एवढे करूनही घरीच जावे लागले, तर तळलेले आणि तुपातले बंद ठेवा आणि शस्त्रक्रियेची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, तोंडी नको. काही आठवड्यांनी रक्तातील साखर तपासा, कारण या आजारानंतर मधुमेह नव्याने सुरू झालेले रुग्ण असतात. शौच तेलकट, तरंगणारे होऊ लागले तर जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात का ते विचारा. माझ्या त्या चार महिने चालू होत्या. बेंबीच्या वर दुखून पाठीत कळ गेली, उलट्या थांबेनात, तर ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. मी पाहिली होती, पहाटे साडेपाचपर्यंत.