गोशे असलेल्या लेकीला घेऊन इंग्लंडला यावं का?

ताई, तुमच्या सहा वर्षांच्या लेकीला गोशे (Gaucher) हा दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे आणि अहोंना मँचेस्टरची नोकरी मिळतेय. नागपूर सोडावं का, आणि माझ्या मुलांसारखीच तीही इथे मजेत शाळेत जाईल ना, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याला माझं उत्तर बहुतेक ‘या’ असंच आहे. दुसऱ्याचं उत्तर माझ्या मुलांवरून काढू नका.

गोशे असलेल्या माझ्या दोघांचंच बघा. आईबाप तेच, जनुकातले दोष तेच. थोरल्याचा उन्हाळ्यात सारखा घोळणा फुटायचा. नवतप्यात आपल्याकडे कोणाचा फुटत नाही? कांदा हुंगवला की झालं! पुढे पोट फुगलं. पाणथरी (प्लीहा) बेंबीपर्यंत आलेली, प्लेटलेट्स घसरलेल्या. विदर्भातलं पोरगं म्हणून आधी सिकलसेलची तपासणी झाली, ते साहजिकच होतं. धाकटीची तपासणी केवळ भावामुळे केली. तिची पाणथरी जेमतेम हाताला लागते, तक्रार काहीच नाही.

या आजारात ग्लुकोसेरेब्रोसायडेज हे एन्झाइम कमी पडतं आणि एक प्रकारची चरबी पाणथरी, यकृत, अस्थिमज्जेत साठत जाते. मेंदू सुटला तर तो टाइप 1, माझ्या दोघांचा तोच. टाइप 2 तान्हेपणीच गाठतो. टाइप 3 मध्ये मेंदूवर हळूहळू परिणाम होतो, पण तिथेही कोणाला नुसता डोळ्यांचा त्रास, तर कोणाला फिट्स. एन370एस हा जनुकातला दोष आईबापांपैकी एकाकडून जरी आला तरी मेंदू सहसा वाचतो. एल444पी हा दोष दोघांकडून आला, आणि भारतीय रुग्णांत तो बराच दिसतो, तर टाइप 3 ची शक्यता मोठी. म्हणून जनुकीय रिपोर्ट आधी काढा. आणि एक घरीच बघा: बाजूचं काही पटकन बघताना तिचे डोळे सरळ वळतात, की आधी मान झटकते, पापण्या मिटते? तसं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तिकीट काढू नका. दर पंधरा दिवसांनी शिरेतून देतात ते एन्झाइम पाणथरी आटवतं, रक्त सुधारतं, पण मेंदूत शिरत नाही. देश बदलून त्यात फरक पडत नाही.

आता व्हिसा. ब्रिटनच्या वर्क व्हिसाला भारतातून येताना टीबीची तपासणी लागते, उपचाराच्या खर्चावरून नकार देत नाहीत. कॅनडा-ऑस्ट्रेलियाला मात्र हा खर्च मोजतात, तिकडचा विचार असेल तर आधी वकील गाठा. इथे आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, 2024 पासून मोठ्यांना वर्षाला 1,035 पौंड, मुलांना 776. भरला की एनएचएसचे (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार इथल्या लोकांसारखेच. मँचेस्टरच्या सेंट मेरीजमध्ये मुलांच्या चयापचय-विकारांचं खास केंद्र आहे. घडी बसली की नर्स घरी येऊन सलाईन लावते; आमचा थोरला तेवढ्यात गृहपाठ उरकतो.

खरी गोची मधल्या काळाची. तिकडे औषध मदत योजनेतून किंवा 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातल्या 50 लाखांपर्यंतच्या मदतीतून मिळत असेल, तर ते तुमच्या मागे इकडे येत नाही. इथल्या केंद्राची पहिली तारीख हातात येईपर्यंत अहोंना एकट्याला पुढे पाठवा. एन्झाइम आणि जनुकाचा रिपोर्ट, वजनानुसार दिलेल्या डोसची नोंद, पाणथरीची मापं, हे सगळं डॉक्टरांच्या सहीच्या इंग्रजी पत्रासह त्यांच्याकडेच द्या. डोळ्यांचं काय निघालं ते कळवा, मग शाळेबद्दल सविस्तर लिहिते.