भावाला क्रोन्स आहे, माझे ट्रायग्लिसराइड २१२ आलेत, मला पण होणार का?

दादा, ती फाइल आधी कपाटात ठेवा. मोठ्या भावाला क्रोन्स (आतड्याला सूज ठेवणारा जुनाट आजार) निघाला म्हणून तुम्ही घाबरून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी केली, त्यात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी २१२ आली आणि आता वाटायलंय की आपल्या बी आतड्याची सुरुवात झाली. तसं नसतंय ओ. मी परभणीत लॅबमधी कामाला आहे आणि माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार) आहे, म्हणजे हे घरी बी बघितलंय आणि कामावर बी.

सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं रक्ताची नळी मशीनमधी फिरवली की वरचं सीरम (रक्तातला पाणीदार भाग) चरबीमुळं दुधावाणी पांढरं निघतं. माणूस म्हणतो उपाशीच आलोय, नुसता चहा घेतला (तो बी दोन कप), आणि रात्री पुरणपोळीवर तूप ओतून खाल्लेलं असतंय. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली पाहिजे, १२ तास उपाशी राहून परत करा, तरी जास्तच आले तर शुगर, थायरॉइड, वजन आणि दारू बघायची.

आमच्या भावाचं उलटंच झालं. कोलेस्टेरॉल ११८ आलं तर आई खूष, म्हणे करडईच्या तेलाचा गुण! तिकडं पोरगं पाच महिने संडासातून रक्त जायलंय, एका डॉक्टरनं मूळव्याध म्हणून मलम दिलेलं, वजन नऊ किलो उतरलं. आतड्याला सूज असली की कोलेस्टेरॉल खाली येतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्या बी नाही, आणि मी रोज हेच रिपोर्ट काढतो.

संशोधन चालू आहे, नाही असं नाही. आतड्याच्या अशा आजाराचं नुकतंच निदान झालेल्या लहान मुलांच्या रक्तात लॅक्टोसिल सिरॅमाइड नावाची चरबी वाढलेली सापडली, पण ती आपल्या पाचशे-सहाशेच्या लिपिड प्रोफाइलमधी मोजतच नाहीत. कॅनडात २००८ पासून क्रोन्सवाल्यांच्या धडधाकट भावाबहिणींवर आणि लेकरांवर लक्ष ठेवायलेत, त्यात ज्यांच्या आतड्याचं अस्तर जास्त झिरपायचं त्यांच्यात पुढं क्रोन्स जास्त निघाला. सख्ख्या नात्यात धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरंय, पण बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

जुलाब, रक्त, रात्री उठून संडासला पळणं, वजन उतरणं असं काही सुरू झालं तर संडासची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्याची सूज कळते ती) करा. छोट्या डबीत वाटाण्याएवढा नमुना लागतो, साधारण ५० च्या आत आलं तर आतड्याला सूज असायची शक्यता कमी. अंगदुखीच्या गोळ्या खात असाल तर आधी सांगा, त्यानं आकडा फुगतो. बिडी-सिगारेट असंल तर सोडा, क्रोन्सला ती लई वाईट.

आणि भावाच्या बायोप्सीत (आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) टीबी तपासला का ते डॉक्टरांना विचाराच. आपल्याकडं आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, आणि टीबी निघाला तर औषधाचा कोर्स पुरा करून तो बरा होतो, मग तुमचा हा प्रश्नच राहत नाही.