चौथीत तीन मुलं, आणि पगार म्हणे त्यांच्या गुणांवर

राबणारा गुरुजी आणि कामचुकार गुरुजी, दोघांनाही दरवर्षी सारखीच ३ टक्के वेतनवाढ. मग मुलांच्या गुणांवर पगार का नको, असं तुम्ही विचारलंय. चीड रास्त आहे. रत्नागिरी जिल्ह्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा, होतो; दोन्ही प्रकारचे गुरुजी जवळून बघितलेत. तरी आपल्याकडे हे नकोच म्हणेन.

कल्पनाच फोल आहे, असं नाही. आंध्रात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी ३०० सरकारी शाळांत प्रयोग केला: शंभरांत शिक्षकाला वैयक्तिक बोनस, शंभरांत सगळ्या शाळेला मिळून, शंभरांत काहीच नाही. दोन वर्षांनी बोनसवाल्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत पुढे निघाली. पण तो पैसा पगाराच्या वर होता, वर्षाच्या पगाराच्या जेमतेम ३ टक्के, आणि परीक्षा बाहेरची माणसं घेत होती. तिकडे अमेरिकेत, अटलांटात, गुणांचा धाक एवढा वाढला की शाळेतल्याच लोकांनी उत्तरं खोडून सुधारली. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले.

आता लांजा-राजापूरकडच्या वाडीवरच्या शाळेत या. चौथीत मुलं तीन. एक परीक्षेला तापाने फणफणलं की सरासरी कोसळली. पुढच्या वर्षी एक हुशार पोर आलं की तेच गुरुजी आदर्श! आंबा बागांतल्या नेपाळी राखणदारांची मुलं तर हंगामाला येतात, हंगाम संपला की जातात. घरी नेपाळी, शाळेत मराठी. वर्षाच्या सुरुवातीची चाचणीच ज्यांनी दिली नाही, त्यांची प्रगती मोजायची कुठून? गुणांवर पैसा लावलात तर उद्या या पोरांचं नाव पटावर घ्यायलाच का-कू होईल. मला भीती याचीच जास्त.

आपल्या सरकारनेही २०१७ मध्ये शिक्षकांच्या वरिष्ठ आणि निवडश्रेणीसाठी (ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणी) शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनात, अ श्रेणी, शिवाय माध्यमिकला नववी-दहावीचा ८० टक्के निकाल अशी अट घातली होती. शाळासिद्धीची माहिती आधी भरणार कोण? शाळाच! आणि दहावीत कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, म्हणून इथले सगळे मास्तर विदर्भातल्यांहून सरस, असं थोडंच आहे?

पैसा द्यायचाच तर आडवाडीच्या शाळेत बदली न मागता टिकणाऱ्याला द्या, किंवा सगळ्या शाळेला मिळून द्या आणि पेपर दुसऱ्या तालुक्यातल्यांनी तपासावेत. कामचुकाराची वेतनवाढ रोखायची सोय नियमांत आजही आहे. पण त्यासाठी वर्गात जाऊन बसणारा केंद्रप्रमुख लागतो, आणि इथे एकेका माणसाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार असतो.